पिचकारीची तोटी

फाल्गुन वद्य पंचमी जवळ आली कीं माळ्यावरच्या पिचकाऱ्या खालीं उतरतात आणि त्यांचीं दुखणीं घरांतील वडील माणसांपुढें येतात. यंत्र तसें जुनेंच आहे. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत, कुशाच्या जलक्रीडेच्या प्रसंगीं, रंगीत पाणी उडविणारीं सोन्याचीं शृंगें आलीं आहेत. आपल्या मुलांच्या हातीं पितळेची किंवा प्लास्टिकची नळी असते, एवढाच काय तो भेद.

यंदा आमच्या आठ वर्षांच्या नातवानें आपली पितळी पिचकारी पुढें केली. “आजोबा, धार लांब जात नाहीं. तोटीचें भोंक बारीक करून द्या ना!”

दोष तोटींत आहे कीं तिच्या मागें, हें प्रथम पाहावें. रिकाम्या पिचकारीच्या तोटीवर बोट घट्ट दाबून दांडा मागें ओढावा व सोडावा. तो आपण होऊन पुढें खेचला गेला, तर दट्ट्या नळींत नीट बसतो असें समजावें. आमचा दांडा ओढला तेथेंच राहिला! दट्ट्याचें चामडें वर्षभरांत वाळून आकसलें होतें. तें रात्रभर गोडेतेलांत भिजत ठेवलें, आणि सकाळीं धार अंगण ओलांडून गेली. प्लास्टिकच्या पिचकारींत रबराचें कडें असतें. त्यास एरंडेलाचा हात पुरतो. घासलेट मात्र लावूं नये, त्यानें रबर फुगतें. तोटी रंगाच्या कणांनीं तुंबली असेल तर ती कोमट पाण्यांत भिजवून ब्रशाच्या केसानें मोकळी करावी. जाड सुई खुपसल्यास छिद्राची कड फाटते व धार वांकडी जाते. रंग फडक्यांतून गाळून घेतला तर हा प्रसंगच येत नाहीं.

तरीही नातवाचा हट्ट सुटेना. तेव्हां त्यास पाटीवर हिशेब दाखविला. छिद्राचा व्यास 2 मिलिमीटरवरून 1 वर आणला तर क्षेत्रफळ चतुर्थांश होतें. दट्ट्या पूर्वीच्याच वेगानें ढकलावयाचा, तर पाण्यास चौपट वेगानें बाहेर पडावें लागेल. आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत लागत असल्यामुळें जोर सुमारें 16 पट करावा लागेल. आठ वर्षांच्या मनगटांत तो कोठून येणार?

“पण बाबांच्या हातांत येईल कीं,” तो म्हणाला.

तें ऐकून मी थबकलों. गेल्या वर्षीं अशीच एक जोराची धार त्याच्या चार वर्षांच्या बहिणीच्या डोळ्यांत बसली होती. डॉक्टरांनीं डोळा तपासून इजा नसल्याचें सांगितलें, तेव्हां कोठें घरांत अन्न शिजलें. तेव्हांपासून पिचकारी दिसतांच ती पोर आजीच्या पदराआड लपते.

मग आम्हां दोघांनीं उलट उद्योग केला. एका जुन्या प्लास्टिकच्या पिचकारीची तोटी काढून तिचें मूळ छिद्र नळदुरुस्तीच्या लेपानें बुजविलें. लेप घट्ट झाल्यावर तोटीच्या उतरत्या खांद्यावर तापविलेल्या सुईनें 1 मिलिमीटरचीं सात छिद्रें पाडलीं. सुई तापविण्याचें काम वडील माणसानेंच करावें. येथें हिशेब असा : 2 मिलिमीटरचें एक छिद्र म्हणजे चार भाग, आणि 1 मिलिमीटरचीं सात म्हणजे सात भाग. वाट पावणेदोन पट झाली, म्हणजे तितक्याच ढकलण्यास पाण्याचा वेग चार सप्तमांशांवर आला. शिवाय बारीक धारा लवकर फुटून त्यांचे थेंब होतात. ती पिचकारी राहिली नाहीं, झारी झाली. तरीही तोंडावर नेम धरावयाचा नाहीं, हा नियम घरांत कायम आहे.

नातवानें ती प्रथम स्वतःच्याच गालावर उडवून पाहिली आणि मग बहिणीच्या हातीं दिली. तिनें ती घेतली, व पहिली फवार आजीच्या पायांवर सोडली.