थांबण्याचे सामर्थ्य



या सदरातून आपण सहसा ठेवी, विमा, वारसनोंद अशा विषयांवर विचार करतो. या वेळचा विषय मोटारीच्या टायरचा आहे. तो या पानावर कसा आला, हे लेखाच्या ओघात कळेलच.

मागील हिवाळ्यात आम्ही उभयता कॅनडातील मॉन्ट्रियल येथे चिरंजीवांकडे होतो. त्यांनी तेथे एक जुनी, दणकट जीप घेतली होती. उंच बांधणीची, चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी आणि चिखलातून सहज बाहेर पडावी म्हणून मोठमोठ्या ठोकळ्यांचे टायर बसवलेली. आठवडाभर शहरात आणि सुट्टीच्या दिवशी उत्तरेकडील लॉरेन्शियन डोंगरात, असा तिचा वापर.

मॉन्ट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे, तेथे १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ही सक्ती २००८ पासून आहे. नोव्हेंबरच्या आरंभी चिरंजीव म्हणाले, "आप्पा, या आठवड्यात टायर बदलून घेतो." मी जन्माचा हिशेबी. म्हणालो, "कायद्याची तारीख १ डिसेंबर आहे. शिवाय गाडीच्या चारही चाकांना जोर आहे. महिनाभर आधी खर्च कशाला?" त्यांनी माझा शब्द मोडला नाही.

नोव्हेंबरच्या मध्यास एके सकाळी नातीला शाळेत सोडायला आम्ही निघालो. रात्री पाऊस पडून पहाटे गोठला होता. रस्ता केवळ ओला दिसत होता. चौकाच्या बऱ्याच अलीकडे चिरंजीवांनी ब्रेक दाबला, गाडीचा वेगही बेताचाच होता, तरी ती घसरतच राहिली. समोर काठी टेकीत एक वृद्ध बाई रस्ता ओलांडत होत्या. पांढरे पट्टे ओलांडून गाडी थांबली, तेव्हा त्या आणि आमच्यात दोन हातांचे अंतर उरले होते. बाईंनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि त्या पुढे गेल्या. गाडीत कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने नातीने विचारले, "आजोबा, एवढी मोठी गाडी, मग थांबली का नाही?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. ते मी पुढील चार दिवसांत शिकलो.

चारही चाकांना शक्ती मिळण्याचा उपयोग गाडी निघण्यासाठी, चढ चढण्यासाठी, रुतलेली असता बाहेर पडण्यासाठी होतो. थांबताना त्याचा उपयोग जवळजवळ नाही. कारण ब्रेक तर साध्या मोटारीचेही चारही चाकांना लागतात. थांबवते ती रबर आणि रस्ता यांची पकड. गाडी जितकी जड, तितकी तिला आवरणे कठीण; आणि जितकी उंच, तितका वळणावर कलंडण्याचा धोका अधिक. अशा वाहनाचा चालक इतरांच्या आधी निघतो, वेग घेतो आणि थांबण्याची वेळ आली की इतरांइतकाच असहाय असतो.

दुसरा मुद्दा रबराचा. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिकासारखे घटक असे योजलेले असतात की कडाक्याच्या थंडीतही रबर मऊ राहावे. म्हणून बर्फ पडण्याची वाट पाहणेच चुकीचे. त्याच्या ठोकळ्यांवर सुरीने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा घट्ट बसलेल्या बर्फाला धरतात. चिखलाच्या टायरला खोल खाचा असतात, पण या चिरा फारच थोड्या. पाहणाऱ्याला तोच टायर अधिक भक्कम वाटतो. माझीही तशीच फसगत झाली.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर दोन खुणा पाहाव्यात. 'एम ॲण्ड एस' म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण केवळ नक्षीच्या रचनेवरून दिली जाते, तिच्यासाठी बर्फावरील चाचणी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, ही दुसरी खूण मात्र दाबलेल्या बर्फावर ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. क्वेबेकचा कायदा हीच मागतो. अलीकडे सर्व प्रकारच्या वाटांसाठीच्या काही 'ऑल-टेरेन' टायरांवरही ती असते आणि तेवढ्याने कायद्याचे समाधान होते. परंतु ती चाचणी बर्फावर गाडी पुढे खेचण्याची आहे. गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर थांबण्याची नव्हे. तेथे खास हिवाळी टायरच सरस ठरतो.

मग खिळ्यांचे टायर का घेऊ नयेत? काचेसारख्या बर्फावर ते उत्तम पकडतात आणि क्वेबेकमध्ये १५ ऑक्टोबर ते १ मे या काळात त्यांना परवानगीही आहे. परंतु मोकळ्या डांबरावर ते आवाज करतात आणि रस्ता खरवडतात. जपानमध्ये अशा टायरांनी उडवलेल्या धुळीचा लोकांच्या श्वासाला इतका उपद्रव झाला की १९९० साली त्यांच्यावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. ज्यांचे घर जंगलातील न झाडलेल्या वाटेवर आहे, त्यांनी खिळे अवश्य घ्यावेत. आमचा बहुतेक प्रवास शहरातील झाडलेल्या रस्त्यांवरचा. आपल्या सोयीसाठी इतरांच्या श्वासात धूळ कालवण्याचे कारण नव्हते. आम्ही बिनखिळ्यांचे हिवाळी टायर निश्चित केले.

दुकानातील वयस्कर कारागिराने आणखी काही गोष्टी सांगितल्या. टायर चारही एकाच जातीचे हवेत. दोनच बदलल्यास गाडीचे एक टोक धरते आणि दुसरे सुटते. बाहेरचा व्यास तोच ठेवून टायर थोडा अरुंद घेतला, तर तो भुसभुशीत बर्फ कापून खालच्या रस्त्याला टेकतो. जड वाहनासाठी भारक्षमतेचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. बाजूवर कोरलेल्या चार अंकांवरून तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला ते कळते. जुना साठा घेऊ नये. नक्षी झिजून ४ मिलिमीटरवर आली की तो टायर बर्फाच्या कामाचा राहिला नाही असे समजावे. तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी उतरले की हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने घटतो, म्हणून थंडीत दाब वरचेवर तपासावा.

राहिला माझा लाडका खर्चाचा प्रश्न. हिवाळी संच रस्त्यावर असतो तेव्हा दुसरा संच घरात विश्रांती घेतो. दोन्ही संच निम्मेच झिजतात, अर्थात दोन्ही अधिक वर्षे टिकतात. खरा जादा खर्च वर्षातून दोनदा बदलण्याच्या मजुरीचा आणि, घेतल्यास, वेगळ्या चक्रांचा. हा हिशेब मी नोव्हेंबरच्या आरंभीच मांडायला हवा होता. बँकेत असताना मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगत असे की नियमाने मागितलेली तरतूद ही किमान असते, जोखीम त्याहून मोठी असू शकते. स्वतःच्या घरी मात्र मी किमानालाच पुरेसे मानले.

आपल्या घरांत हमखास विचारली जाईल अशी एक गोष्ट. रबर पक्के करताना स्टिअरिक ॲसिड वापरतात. ते वनस्पती तेलापासून होते, तसेच पशूंच्या चरबीपासूनही होते. टायर पाहून ते ओळखता येत नाही. ज्यांना याविषयी आग्रह आहे, त्यांनी खरेदीपूर्वी उत्पादकाला लिहून विचारावे.

त्या सायंकाळी प्रतिक्रमणाला बसलो, तेव्हा काठी टेकणाऱ्या त्या बाई डोळ्यांसमोरून हलेनात. त्यांना इजा झाली नाही, म्हणून मी निर्दोष ठरतो का? तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्रमादाला मुळाशी ठेवले आहे. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात स्पष्ट केले आहे की प्रमादाने वागणाऱ्याच्या हातून जीव गेला नाही, तरी हिंसेचा दोष टळत नाही. मुनिजन ईर्यासमिती पाळतात, चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. आपण गृहस्थ यंत्रावर बसून त्यांच्या कितीतरी पट वेगाने जातो. आपले चार हात म्हणजे गाडी थांबण्यास लागणारे अंतर. तेवढी वाट पाहणे आणि तेवढ्यात थांबता येईल अशी व्यवस्था ठेवणे, हा आपला यत्नाचार.

आपल्याकडे बर्फ नाही, पण आषाढातला आंबा घाट आहे. येथील कायदा नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर मागतो. पावसाळ्यापूर्वी टायरची ती खोली मोजून घ्या आणि कायद्याच्या आकड्यापर्यंत झिजण्याची वाट पाहू नका. घरातील कोणी थंड देशात असेल, तर त्याला टायर बदलण्याची आठवण करा; निदान माझ्यासारखे थांबवू तरी नका.

नवे टायर बसल्यावर चिरंजीवांनी एका रिकाम्या वाहनतळावर बर्फात ब्रेक दाबून पाहिला. गाडी थोडी कुरकुरली आणि थांबली. मागच्या आसनावरून नात म्हणाली, "आजोबा, आता हिला थांबता येतं."

जय जिनेंद्र.