सड्यावर ‘काही नाही’ म्हणणारे कोण?

मैत्रिणींनो, झाडंझुडपं मोजण्याचा आणि स्त्रियांच्या प्रश्नाचा काय संबंध, असं कुणी विचारेल. आमच्या देवगड तालुक्यात तो रोजचा आहे.

वनस्पतींचे अभ्यासक जागाजागांची तुलना करतात. ठरावीक मापाचे चौकोन आखून त्यात कोणत्या जाती, किती, हे मोजतात. आमच्याकडे देवराई, कातळाचा सडा, आंब्याची बाग आणि खाडीकाठचं कांदळवन अशी तुलना केली, तर पारडं देवराईचंच जड ठरेल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७६ मध्ये पश्चिम घाटातल्या देवरायांवर शोधनिबंध लिहिला. देवराईचं मोल आज जाणकारांना पटलेलं आहे.

सडा मात्र बहुधा सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’. उन्हाळ्यात पाहिला तर काळा दगड आणि वाळकं गवत. पण पावसात त्याच कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. दिपकाडीसारखी वनस्पती तर कोकण-गोव्याच्या सड्यांचीच. म्हणजे नुसती संख्या मोजून भागत नाही. कोणत्या जाती आणि कोणत्या ऋतूत, हेही पाहावं लागतं.

मला इथे जनगणना आठवते. फक्त घरकाम करणारी बाई तिथे ‘काम न करणारी’ ठरते. सड्यावर ‘काही नाही’, बाई ‘काही करत नाही’. दोन्हीकडे खोट मोजणाऱ्याच्या नजरेत आहे.

सड्यावरचं गवत, पावसाळ्यातला टाकळा, कुर्डू, भारंगी, रातांबे, खाडीतली कालवं, हे सारं गोळा करून घर चालवते ती बाई. या जागांची बारमाही तुलना तिच्या डोक्यात पक्की आहे. कातळ फोडून, माती ओतून हापूसची कलमं लावली की पैसा येतो, हे मी नाकारत नाही. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण पैसा जातो सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या हातात, आणि चाऱ्यासाठी लांब चालावं लागतं ते बाईला.

आणि देवराई? काही ठिकाणी तिथे बाईला प्रवेशच नाही. श्रद्धेने जंगल राखलं, हे खरं. पण राखण करायला बाईला वगळावंच लागतं, हे कुणी ठरवलं?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही आणली. २००४ च्या नियमांनी समितीत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. जागा मिळाली म्हणजे आवाज मिळाला असं होत नाही, हे पंचायतीतल्या आरक्षणाने आपल्याला शिकवलंच आहे.

म्हणून प्रत्येक गटाने आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ही नोंदवही मागावी. तिच्यात सडा आहे का? पावसाळ्यातली पाहणी आहे का? माहिती देणाऱ्यांत किती बायका आहेत? नसतील, तर बायकांची वेगळी बैठक घेऊन नोंदी पुन्हा करायला लावूया. उद्या त्या सड्याचं काय करायचं हे ठरेल, तेव्हा कागदावर जे नाही ते कुणीच विचारात घेणार नाही.