शरीराचा आपपरभाव

“मुलीच्या अंगावर कुठे डाग नाही ना?” साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या गावोगावी लग्नाच्या बोलणीत हा प्रश्न आजही दबक्या आवाजात विचारला जातो. डाग म्हणजे कोड. हा प्रश्न वैद्यकाचा नसून भीतीचा आहे, आणि ती भीती अज्ञानावर उभी आहे, असे माझे मत आहे. शास्त्र याविषयी काय सांगते ते कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, हे आपण शाळेत शिकलो. पण कोणावर हल्ला करायचा नाही हे त्यांना कोण शिकवते? खरे अवघड काम तेच आहे. उद्या कोणता जंतू येईल हे शरीराला आधी ठाऊक नसते. म्हणून ते लक्षावधी प्रकारच्या टी-पेशी घडवून ठेवते. प्रत्येक प्रकाराची पारख निराळी. अशा सरसकट घडणीत काही पेशी आपल्याच शरीराला शत्रू समजणाऱ्या निघणारच.

आपला मुलूख तालमींचा, तेव्हा उपमाही तिथलीच घेतो. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. ही टी-पेशींची तालीम. तेथे त्यांच्यापुढे शरीराची स्वतःची प्रथिने ठेवली जातात. त्यांच्यावर जी पेशी जोराने तुटून पडते, ती बहुधा तेथेच नष्ट केली जाते. तरीही काही निसटून बाहेर येतात. त्यांना कोण आवरते? जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले की टी-पेशींमध्येच इतरांना रोखणारा एक वेगळा वर्ग असतो. जणू आखाड्यातला पंच. २००१ साली अमेरिकेतील मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘फॉक्सपी-३’ या जनुकाचा शोध लावला. हे जनुक बिघडले की उंदराचे काय, माणसाचे काय, शरीर स्वतःवरच उलटते. हे पंच घडवणारे जनुक तेच, हेही पुढे सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा आवर सुटला की रोग होतो. हल्ला सांध्यांवर झाला तर आमवात, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर झाला तर लहान मुलांत आढळणारा मधुमेह, आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर झाला तर कोड. तिन्ही एकाच कुळातले. मग आमवाताने आखडलेल्या मावशीचे पाय आपण चेपून देतो, आणि कोड उठलेल्या मुलीला भर उन्हाळ्यात लांब बाह्या का घालायला लावतो?

थोडा दोष भाषेकडेही जातो. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’ या शब्दापासून आला. हिंदीत ‘कोढ’ म्हणजे महारोगच. शब्दांचे नाते आपण रोगांना चिकटवले. वास्तविक कोडात जंतू नसतो आणि ते स्पर्शाने पसरत नाही. महारोगही आज औषधांनी बरा होतो, तेव्हा त्याच्या रुग्णाला दूर लोटण्यासही आधार उरलेला नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने किंवा मागील जन्मीच्या पापाने कोड येते, ही तर निव्वळ समजूत आहे.

कोणी म्हणेल, हा दोष पुढच्या पिढीत उतरतो. प्रवृत्ती काही अंशी घराण्यातून येते, हे खरे. पण ती मधुमेहाचीही येते. वडील मधुमेही म्हणून मुलाचे स्थळ परत गेल्याचे मी तरी ऐकलेले नाही. कोरेगावकडच्या माझ्या नात्यातील एका पदवीधर मुलीची स्थळे मात्र घोट्यावरच्या रुपयाएवढ्या डागामुळे परत गेली. तिसऱ्या वेळी तिने डाग झाकण्यास नकार दिला, तेव्हा घरच्यांनी तिलाच बोल लावला.

सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेत वैद्यक शिकले आणि १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. या भागाला विवेकाचा वारसा नाही, असे म्हणता येणार नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची ‘श्वेता असोसिएशन’ कोड असलेल्यांना एकत्र आणते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २००६ साली ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावर काढला. मलमे आहेत, अतिनील किरणांचे उपचार आहेत. सर्वांना सारखाच गुण येतो असे नाही. पण माणसाची किंमत त्या गुणावर का ठरावी?

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांची लग्ने येत्या काही वर्षांत ठरतील. बैठकीत तो प्रश्न निघाला, तर वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालून बसू नका. कोड म्हणजे काय ते नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत तेथेच सांगा. आणि मुलीला शिक्षण, स्वभाव, आवडनिवड यांविषयी विचारा.