पडला की पाडला?

'गर्भपात झाला' आणि 'गर्भपात केला' यांतला फरक क्रियापदच सांगतं, मग वेगळ्या शब्दाचा कीस कशाला, असं विचारणारे व्याकरणात पक्के आहेत. पण सुरतेच्या लिंबायत-उधना भागातल्या खानदेशी बाईच्या हाती दवाखान्याचा कागद येतो, त्यावर क्रियापद नसतं. 'स्पॉन्टेनियस अबॉर्शन', एवढंच. डॉक्टरी भाषेत तो आपोआप पडलेला गर्भ. घरी मात्र त्यातलं 'अबॉर्शन' तेवढं वाचलं जातं आणि सासू विचारते, "पाडून आलीस का गं?" दवाखान्याच्या भिंतीवर गर्भलिंग तपासणी गुन्हा असल्याचा फलक असतो. 1994 चा तो कायदा हवाच होता. पण गुन्ह्याबरोबर शब्दही संशयित झाला.

मग सरळ 'मिसकॅरेज' म्हणा, ही सुशिक्षितांची पळवाट. 1985 मध्ये 'लॅन्सेट'मधून ब्रिटिश डॉक्टरांनी हाच आग्रह धरला होता, आणि तो योग्यच होता. पण आपल्याकडे हा शब्द आला तो कायद्याच्या वाटेने. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या दंडसंहितेचं 312 वं कलम गर्भ पाडणाऱ्याला शिक्षा सांगायचं, तिथे शब्द 'मिसकॅरेज'. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने सहा आठवड्यांची भरपगारी रजा दिली, तिथेही 'मिसकॅरेज'. एका ठिकाणी गुन्हा, दुसऱ्या ठिकाणी हक्क! शिवाय टपालातलं पत्र भलतीकडे गेलं किंवा न्याय चुकला तरी इंग्रज हाच शब्द वापरतो. म्हणजे वाहून नेणाऱ्याकडून काही चुकलं, हा सूर त्यात आहेच.

शेजारची गुजराती बाई 'कसुवावड' म्हणते. सुवावड म्हणजे बाळंतपण. आधी 'क' लागला की बिघडलेलं. शब्द काही गोड नाही, पण करवून घेतलेल्याशी त्याची गल्लत होत नाही. एवढ्यापुरती गुजराती आपल्यापेक्षा सरस. आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात अशी वाटणी केली होती, पण स्वयंपाकघरात 'गर्भस्राव' कोण म्हणणार?

नवा शब्द शोधायची गरजच नाही. बायका म्हणतात, "गर्भ टिकला नाही." या वाक्यात कर्ता गर्भ आहे, बाई नाही, आणि शास्त्रही बरंचसं तेच सांगतं. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतच दोष असतो. पपईच्या फोडीवर आणि जिन्याच्या पायरीवर खापर फोडणाऱ्यांनी हे ऐकावं.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: असा फरक केला की करवून घेणारी गुन्हेगार ठरते. नाही ठरत. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने तिला वाट दिली आणि प्रसूतिलाभ कायद्याच्या 1995 च्या दुरुस्तीने तीच सहा आठवड्यांची रजाही दिली. फरक वस्तुस्थितीचा आहे, पापपुण्याचा नाही. सासूला जाब देणं दोघींपैकी कुणावरच बंधनकारक नाही.

शब्द बदलून घरबसल्या नगावर साड्यांना टिकल्या-स्टोन चिकटवणारीला रजा मिळणार नाही, हे मात्र मला खोडता येत नाही. तिला मालकच नाही, रजा देणार कोण? पण कागदावर तिच्या भाषेत एक ओळ तरी मिळू शकते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. तिच्या दवाखान्यांना 'गर्भ टिकला नाही' हे तीन शब्द छापणं जड जाऊ नये.