साधी डबी, भारी डबी

गड्ड्याची यात्रा आली की सोलापूरच्या कोरड्या थंडीत गाल तडतडतात, दाढी केल्यावर तर चेहरा नुसता ओढल्यासारखा होतो. परवा नवी पेठेत एक कॉलेजकुमार दोन डब्या हातात घेऊन अडला होता: एक साधी ग्लिसरीनची, दुसरी काळी, चकचकीत, ‘पुरुषांसाठी’, किंमत चौपट. म्हटलं, बाळा, दोन्ही उलट्या कर. जो घटक जास्त तो यादीत आधी छापतात. दोन्हींत पहिलं पाणी, मग ग्लिसरीन. भारी डबीत जादा काय, तर सुगंध आणि पार तळाशी कुठल्याशा झाडाचा अर्क. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. कोरड्या कातडीला आणखी काय हवं? आणि ती कातडी बाईची की बाप्याची, हे ग्लिसरीन विचारत नाही. १९२९ पासूनची बोरोलिन घ्या, एकाच हिरव्या नळीवर आजी, आजोबा, नातवंडं सगळ्यांचं भागत आलंय. २००५ साली ‘फेअर अँड हँडसम’ आलं आणि बाप्यांची क्रीमं वेगळी झाली, तीही गोरेपणाच्या नावाखाली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. तेव्हा साधीच घ्या. आपल्या सोलापुरी टॉवेलनं तोंड खसाखसा पुसू नका, नुसतं टिपा आणि चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावा. खाज, चट्टे असतील तर थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. वाचलेल्या पैशांत सनस्क्रीन आणा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा खरी गरज तिचीच.