हाँगकाँगची ‘बाटलेली’ बोली

हाँगकाँगच्या तरुण मंडळींची रोजची बोली ऐकून दोन प्रकारचे पंडित कपाळास हात लावतात. एकांस तीत इंग्रजीची विटंबना दिसते, तर दुसऱ्यांस चिनी भाषेचा धर्मभ्रष्टपणा. वाक्य कँटनी भाषेचे, पण त्यात ‘बुक’, ‘चेक’, ‘हॅपी’, ‘शुअर’ असे इंग्रजी शब्द खिचडीतल्या डाळीसारखे मिसळलेले. ज्यांची भाषा अशी भेसळीची त्यांचा विचारही भेसळीचाच असावयाचा, असा निकाल देऊन हे पंडित मोकळे होतात. आमच्या मते हा निकाल पुराव्यावाचून दिलेला आहे, आणि खऱ्या अपराध्यास सोडून निरपराध्यास शिक्षा करणारा आहे.

प्रथम पुरावाच पाहू. कँटनीत ‘तू खुशीत आहेस ना?’ असे विचारावयाचे तर शब्दाचे पहिले अक्षर उच्चारून, मध्ये ‘म्’ हा नकार घालून, पुन्हा सबंध शब्द उच्चारतात. ‘होइसाम’ म्हणजे आनंदी. त्याचा प्रश्न ‘होइ-म्-होइसाम?’ असा होतो. आता तेथील मुले ‘हॅपी’ हा इंग्रजी शब्द घेतात आणि विचारतात, ‘हॅप-म्-हॅपी?’ वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. इंग्रजीच्या कोणत्याही व्याकरणात ‘हॅपी’चे असे दोन तुकडे करण्याची सोय नाही. ते तुकडे कँटनीने आपल्या नियमाप्रमाणे केले आहेत. तसेच ‘बुक’ या क्रियापदास भूतकाळाचा इंग्रजी प्रत्यय न लावता क्रिया पुरी झाल्याचे दाखविणारा आपला ‘चो’ हा प्रत्यय ते लावतात. पाहुणा घरात आला, पण त्याने यजमानाच्याच पंगतीत, यजमानाच्याच रीतीने जेवावयाचे, असा हा प्रकार आहे. याला जर कोणी इंग्रजीची गुलामगिरी म्हणेल, तर गुलाम कोण आणि धनी कोण हेच त्यास उमगले नाही असे म्हणावे लागेल.

ही पचनशक्ती आजची नव्हे. कँटनीत जोडाक्षरे नाहीत, म्हणून ‘स्टोअर’चे ‘सी-दो’ झाले आणि ‘स्ट्रॉबेरी’चे ‘सी-दो-बे-लेइ’. ‘बस’ची ‘बा-सी’ झाली, ‘टॅक्सी’ची ‘दिक-सी’ झाली, आणि त्यांची चिनी अक्षरे ठरून गेली. आज कोणी हाँगकाँगची आजी ‘बा-सी’त बसताना आपण परभाषा बोलतो असे मानीत नाही. कालची भेसळ आज घरची होते. मग आजच्या भेसळीवरच एवढा राग कशासाठी?

बरे, जिच्या शुद्धतेसाठी इतका आक्रोश चालतो ती हाँगकाँगची इंग्रजी तरी कितपत सोवळी आहे? तेथील वाहनतळांवर पैसे भरण्याच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. हा आपला ‘सराफ’च होय, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या व्यापारी भाषेबरोबर तो तिकडे पोहोचला. सांडपाण्याच्या पाटास तेथील सरकारी इंग्रजीत ‘नला’ म्हणतात; तोही आपला ‘नाला’. उलट, धीर देताना कँटनी लोक ‘गा याउ’, म्हणजे अक्षरशः ‘तेल घाला’, असे म्हणतात. त्याचे शब्दशः इंग्रजी रूप ‘ॲड ऑइल’ 2018 साली ऑक्सफर्डच्या कोशात दाखल झाले. कोशकारांस जे चालते ते शाळामास्तरांस का चालू नये?

आता आक्षेपकांच्या म्हणण्यात सत्याचा जो अंश आहे तो आम्ही नाकारीत नाही. शब्द उसने घेणे वेगळे, आणि एखादा विषयच परक्या भाषेच्या हवाली करणे वेगळे. न्यायालय, विद्यापीठ, कचेरी ही ठाणी सुटली की भाषा स्वयंपाकघरापुरती उरते. पण ही ठाणी कोणी सोडविली? 1842 च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बेट इंग्रजांकडे गेले, आणि चिनी भाषेस तेथे अधिकृत दर्जा मिळावयास 1974 साल उजाडले. एकशे बत्तीस वर्षांची ही उपेक्षा चहाच्या दुकानात गप्पा मारणाऱ्या पोरांनी केली नाही. 1998 मध्ये सरकारने बहुतेक माध्यमिक शाळांत चिनी माध्यम लावले व केवळ 114 शाळांस इंग्रजी माध्यमाची मुभा दिली, तेव्हा त्याच शाळांत मुलास जागा मिळावी म्हणून धडपडणारे पालक सुशिक्षितच होते. 2014 साली शिक्षण खात्याने प्रसिद्ध केलेल्या मजकुरात तर कँटनी ही अधिकृत नसलेली एक बोली ठरविण्यात आली. लोकक्षोभ होताच तो मजकूर मागे घ्यावा लागला. आज अनेक प्राथमिक शाळांत चिनी हा विषयसुद्धा कँटनीऐवजी उत्तरेकडील प्रमाण चिनीतून शिकविला जातो. शंभरांत सुमारे अठ्ठ्याऐंशी लोक घरी जी भाषा बोलतात, तिच्यातून त्यांच्या मुलांनी आपलेच वाङ्मय वाचू नये, हा खरा घाव आहे. ‘हॅप-म्-हॅपी’ हे त्यापुढे ओरखडासुद्धा नव्हे.

मराठी वाचकांस हे प्रकरण दूरचे वाटू नये. ‘कागद’, ‘वकील’, ‘बटाटा’ पचवून मराठी मेली नाही. मुलाच्या तोंडातला एक इंग्रजी शब्द ऐकून त्यास दटावणारा, आणि त्याच मुलाचे नाव मराठी शाळेत घालण्याचा विचारही न करणारा गृहस्थ आपल्याही परिचयाचा आहे. त्याने शब्दांची झडती घेण्याचे सोडून शाळेच्या दाराशी उभे राहावे. ज्या भाषेत माणसे शिकतात, भांडतात आणि न्याय मागतात, तिला उसन्या शब्दांचे भय नाही. आणि जीत ती हे करीत नाहीत, तिला शुद्धतेचे कितीही सोवळे नेसविले तरी ते अखेरचेच वस्त्र ठरावयाचे.