भावंडांचा बँड

‘डेथ एंजल’ हे नाव ऐकलंय? अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को भागातल्या, मूळच्या फिलिपिनो घरांतल्या एके काळी पाच भावंडांचा असलेला हा बँड. संगीत थ्रॅश मेटल, म्हणजे सुसाट ड्रम आणि धारदार गिटार! १९८७ मध्ये पहिला अल्बम आला. त्यात ड्रम वाजवणारा अँडी तेव्हा अवघा १४ वर्षांचा होता!

१९९० मध्ये बसला अपघात झाला. अँडी गंभीर जखमी झाला आणि १९९१ मध्ये बँड मोडला. ‘मेटॅलिका’चा डंका जगभर वाजला, हे मात्र मागेच राहिले. पण चाहते? ते हलले नाहीत! २००१ मध्ये एका आजारी गायकमित्राच्या मदतीसाठी बँड पुन्हा स्टेजवर आला, आणि चाहत्यांच्या जोरावर टिकला. २०२० च्या ग्रॅमीसाठी नामांकनही मिळालं.

पहिला नंबर नसला म्हणून काय झालं? आपल्या आवडीला जगाची मार्कशीट कशाला हवी!